शिकागोच्या संकेतस्थळावरचे मराठी कोश: ‘पाठ’ या एका शब्दाची परीक्षा

मराठी शब्दाचा अर्थ आणि मूळ घरबसल्या, पैसे न मोजता शोधायचे असेल तर शिकागो विद्यापीठाचे ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ हे संकेतस्थळ आधी उघडावे. नोंदणी नाही, जाहिराती नाहीत, आणि मराठीचे पाच कोश एका छताखाली आहेत: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), वझ्यांचा आर्यभूषण शालेय कोश (१९११), दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८), मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा कोश (१९८२–८३) आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). शेजारच्याच दालनात टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा, म्हणजे संस्कृत आणि तिच्या कुळातल्या मराठी-हिंदीसारख्या भाषांचा, तौलनिक कोश आहे. घबाड मोठे आहे. पण बरेच जण इथे एक शब्द टाकतात, ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर घेतात आणि परत फिरतात. दोष बहुतेक वेळा कोशाचा नसतो, शोधण्याच्या पद्धतीचा असतो.

कोशाचा कस ‘खुर्ची’सारख्या शब्दावर लागत नाही. रोजच्या वापरातला, चार-चार अर्थांचा आणि वेगवेगळ्या मुळांचा शब्द घ्यावा लागतो. या परीक्षेसाठी ‘पाठ’ घेतला आहे.

आधी शब्दच नीट पाहू. ‘त्याने स्तोत्र पाठ केले.’ ‘त्याने स्तोत्राचा पाठ केला.’ ‘त्याने दाराकडे पाठ केली.’ केले, केला, केली. क्रियापदाचा शेवट बदलला की अर्थ पार बदलतो. पहिल्या वाक्यात स्तोत्र तोंडपाठ झाले. तिथे ‘केले’ हे ‘स्तोत्र’शी जुळते आणि ‘पाठ’ नुसता विशेषणासारखा उभा आहे. दुसऱ्यात स्तोत्र म्हटले गेले, मग ते पोथीत बघून का असेना. तो पाठ, पुल्लिंगी. तिसऱ्यात ती पाठ, म्हणजे शरीराची मागची बाजू. विभक्तीतही फरक उघड होतो: ‘तिसऱ्या पाठात’ पण ‘माझ्या पाठीवर’. चांगल्या कोशाने हे तिन्ही वेगळे दाखवायला हवेत, आणि त्यातले दोन एकमेकांचे कोणीही लागत नाहीत हेही सांगायला हवे.

स्त्रीलिंगी पाठीचा पसारा जास्त मोठा. पाठ थोपटणे म्हणजे शाबासकी, पाठ राखणे म्हणजे संरक्षण, पाठ दाखवणे म्हणजे पळ काढणे, पाठ फिरवणे म्हणजे संबंध तोडणे, पाठ टेकणे म्हणजे जरा आडवे होणे, पाठ धरणे किंवा पुरवणे म्हणजे पिच्छा न सोडणे. सरकारी पत्रांतला ‘पाठपुरावा’ या शेवटच्या वाक्प्रचारातूनच आला. पाठची बहीण म्हणजे आपल्यानंतर जन्मलेली. पाठपोट छापलेला कागद म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेला. ‘घरापाठी एक माणूस’ म्हटले की पाठीचा शरीराशी संबंध उरतच नाही, ‘दर घराला एक’ एवढाच अर्थ राहतो. पुल्लिंगी पाठाचा गोतावळा पंडिती आहे: संहितापाठ, पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ, हरिपाठ, पाठशाळा, पाठभेद. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–६६) पानाच्या तळाशी जी बारीक अक्षरांची रास दिसते ती या पाठभेदांचीच, म्हणजे वेगवेगळ्या हस्तलिखितांतल्या वेगळ्या वाचनांची. ‘पाठांतर’ मात्र संस्कृतातून येताना वाट चुकला. तिकडे त्याचा अर्थ ‘दुसरा पाठ’, म्हणजे वेगळे वाचन. मराठी शाळेत तो घोकंपट्टीचा झाला. जुन्या विद्वान संपादकाने ‘येथे पाठांतर आहे’ असे लिहिले असेल तर तिथे कोणी काही घोकलेले नसते.

आता कोश. सुरुवात मोल्सवर्थपासून करावी. सुमारे ६० हजार शब्दांचा हा कोश अर्थ इंग्रजीत देतो, पण मराठी वाचकाला त्याचा खरा उपयोग होतो तो नोंदीच्या खुणांचा. शीर्षशब्दानंतर लिंग येते आणि त्यानंतर मूळ भाषेचे आद्याक्षर: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. लिंगानंतर नुसतेच ‘एस’ असेल तर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, म्हणजे तत्सम. कंसात आधी एखादा संस्कृत शब्द आणि मग ‘एस’ असेल तर शब्द त्यापासून झिजत आलेला, म्हणजे तद्भव. ‘पाठ’च्या दोन नोंदींत हा फरक एका नजरेत कळतो. पुल्लिंगी पाठापुढे नुसते ‘एस’, स्त्रीलिंगीपुढे कंसात ‘पृष्ठ’. एवढी एक खूण वाचता आली तरी निम्मी व्युत्पत्ती हातात येते.

दुसरी खूण क्रियापदांची. ‘व्ही’पुढे ‘लाव’, ‘कर’, ‘दे’, ‘घे’ असे धातू दिलेले असतात. त्या नामाबरोबर मराठीत कोणते क्रियापद जाते ते यावरून कळते. लेखनिक, अनुवादक आणि मुद्रितशोधक यांना या माहितीची किंमत अर्थाहून जास्त आहे, कारण अर्थ बहुधा ठाऊक असतो, अडते ते क्रियापदावर. अवयवांच्या नोंदींखाली तर मोल्सवर्थ वाक्प्रचारांची रांगच लावतो. घाई न करता ती शेवटपर्यंत वाचावी.

नोंद वाचताना आकडे आणि शीर्षके यांतला भेद सोडू नये. एकाच शीर्षाखाली १, २, ३ असे अर्थ दिले असतील तर कोशकाराच्या मते शब्द एकच, अर्थ पसरलेले. शीर्षशब्दच पुन्हा छापला असेल तर त्याच्या मते शब्द दोन, योगायोगाने सारखे दिसणारे. मात्र हा कोशकाराचा निर्णय असतो, देववाणी नव्हे. ‘तोंडपाठ’ या अर्थाचा पाठ प्रत्येक कोशात मुद्दाम तपासावा: त्याला स्वतंत्र नोंद दिली आहे, की पुल्लिंगी नोंदीच्या शेपटाला एक आकडा म्हणून बांधले आहे? मूळ एकच असल्याने दुसरी सोय चूक नाही, पण व्याकरण वेगळे असल्याने पहिली जास्त उपयोगी.

मोल्सवर्थची उणी बाजूही आहे. कोश १८५७ चा आहे. ‘पाठपुरावा’चा आजचा कचेरीतला अर्थ किंवा ‘पाठ्यपुस्तक’ यांसाठी तो उघडू नये. जातींविषयी आणि स्त्रियांविषयी त्यातली भाषा त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याची आणि त्याला शब्द पुरवणाऱ्या शास्त्रीमंडळींची आहे; ती अर्थ म्हणून नव्हे, पुरावा म्हणून वाचायची.

आता सर्वांत जास्त लोक जिथे अडखळतात ती गोष्ट: लेखनपद्धती. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम येईपर्यंत अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याची रीत होती. त्यामुळे मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे या तिन्ही कोशांत ‘करणे’ नाही, ‘करणें’ आहे; ‘डोके’ नाही, ‘डोकें’ आहे. प्रयोजक आणि तशाच धाटणीच्या क्रियापदांत आणखी एक अडसर आहे. आपण ‘पाठवणे’ लिहितो, तिथे ‘पाठविणें’ आहे. ‘पाठवणे’ हा पूर्ण शब्द जसाच्या तसा शोधला तर काहीही हाती लागत नाही, आणि एवढा साधा शब्दही कोशात नाही असा समज होतो. उपाय सोपा आहे. पूर्ण शब्दाची जुळणी न मागता ‘या अक्षरांनी सुरू होणारे शब्द’ हा पर्याय निवडावा आणि ‘पाठवि’ एवढेच टाकावे. ‘डोके’ही असेच टाकले की ‘डोकें’ येते. शब्दाअखेरच्या इकार-उकारांचेही तसेच: आपले ‘कवी’ आणि ‘गुरू’ तिथे ‘कवि’ आणि ‘गुरु’ असतात, तेव्हा शेवटची वेलांटी-उकार गाळून शोधलेले बरे. ऱ्ह, ऱ्य असलेल्या शब्दांत आणखी एक भानगड आहे. हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे टंकता येते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते. एका प्रकाराने सापडले नाही तर दुसऱ्याने टाकून पाहावे. रोमन अक्षरांत, वरच्या-खालच्या उच्चारखुणा न देता शोधण्याच्या भरीस पडू नये. पथ आणि पाठ दोन्ही एकदम अंगावर येतात.

शोधाचा आवाका निवडण्याचीही सोय आहे: फक्त शीर्षशब्दांत, की संपूर्ण नोंदीत. दाते-कर्वे वापरताना हा पर्याय फार कामाचा. या सात खंडी कोशात (पुरवणी १९५० ची) सामासिक शब्द मुख्य शब्दाच्या नोंदीतच ‘सामाशब्द’ म्हणून येतात आणि मुख्य शब्दाची पुनरावृत्ती टाळायला तिथे फक्त एक बारीक पोकळ टिंब घालतात. म्हणजे ‘पाठमोरा’ असा अखंड शब्द शोधून तो सापडेलच असे नाही. ‘पाठ’ची नोंद उघडून खाली उतरत जावे. नोंद लांबलचक असते आणि एकाच सलग परिच्छेदात कोंबलेली असते. मोबाइलवर ती वाचणे ही शिक्षा आहे. अशा वेळी ब्राउझरचे ‘पानात शोधा’ वापरून ‘मोरा’ एवढेच शोधावे.

तरीही बहुअर्थी शब्दासाठी पाचांतून एकच कोश निवडायचा झाला तर दाते-कर्वेच निवडावा. कारण तो अर्थ मराठीत सांगतो आणि पुरावा देतो. अर्थापुढे ‘-ज्ञा’ आणि आकडे दिसले की ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी. ‘-तुगा’ म्हणजे तुकारामांची गाथा. ‘-एभा’ म्हणजे एकनाथी भागवत. ‘(ल.)’ म्हणजे लाक्षणिक अर्थ. ‘(राजा.)’ राजापूरकडचा, ‘(व.)’ वऱ्हाडी, ‘(गो.)’ गोव्याकडचा. या स्थळखुणा सोडून पुढे जाऊ नये. एखादा अर्थ सगळ्या महाराष्ट्राचा आहे की एका तालुक्याचा, हे यावरूनच ठरते. गोव्याकडे कोकणीत तर पाठीचीच ‘फाट’ झालेली आहे: ‘ठ’मधला हकार पुढे सरकून ‘प’ला चिकटला. मोल्सवर्थमधली बरीच सामग्री दाते-कर्वेंनी मराठीत उतरवून घेतली आहे, त्यामुळे दोघांचे एकमत हा दोन स्वतंत्र साक्षीदारांचा पुरावा समजू नये.

दाते-कर्वे वाचताना एक चूक हमखास होते. नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते आणि तिथे सं., प्रा., हिं., गु. अशी रूपे ओळीने येतात. यातली हिंदी-गुजराती रूपे बहुधा शेजारची भावंडे म्हणून दिलेली असतात. ‘हिं.’ दिसले की ‘मराठीने हा शब्द हिंदीतून घेतला’ असा निष्कर्ष समाजमाध्यमांवर बिनदिक्कत काढला जातो. कोश तसे म्हणत नाही.

व्युत्पत्तीचा खरा निकाल लावायला टर्नरकडे जावे लागते. त्याची मांडणी संस्कृत शीर्षांनुसार आणि रोमन लिपीत आहे. मराठी शब्द ‘एम’ या खुणेपुढे येतात. इथे शोध संपूर्ण नोंदीत लावावा, नाहीतर मराठी रूप सापडत नाही. या कोशाच्या मदतीने ‘पाठ’चा गुंता असा सुटतो.

पृष्ठ या शब्दाची प्राकृतात तीन रूपे झाली: पट्ठ, पिट्ठ, पुट्ठ. मराठीने पट्ठ घेतले, जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला: पाठ. याच वाटेने अष्टचे अट्ठ होऊन आठ झाले, हस्तचे हत्थ होऊन हात झाला. हिंदीने पिट्ठ घेतले, म्हणून तिकडे पीठ. मृत्तिकेची आपल्याकडे माती आणि तिकडे मिट्टी झाली तीही याच ‘ऋ’मुळे. (मराठी पीठ पिष्टापासून आलेले, विद्यापीठातले पीठ तिसरेच.) म्हणजे शरीराची पाठ अस्सल घरची, बोलण्यातून झिजत आलेली.

पुल्लिंगी पाठ तसा असूच शकत नाही. दोन स्वरांमधला संस्कृत ‘ठ’ बोलीतून मराठीत येताना ‘ढ’ होतो. मठाची मढी झाली, पठ् धातूचे पढणे झाले. पढतमूर्ख आणि पढवलेला पोपट त्याच घरातले. तेव्हा संस्कृत पाठ तोंडातोंडी आला असता तर त्यात ढ दिसायला हवा. आणि तसा तो आहेही: पाढा! पाढा हा पाठाचाच झिजलेला अवतार. ‘पाढे पाठ करणे’ या शब्दप्रयोगात एकच शब्द दोनदा येतो, एकदा पायवाटेने आलेला आणि एकदा पोथीतून उचललेला. असले नाते मोल्सवर्थच्या अक्षरानुक्रमात कधीच शेजारी येणार नाही, कारण तिथे पाठ आणि पाढा यांच्यात पाने आडवी येतात. टर्नर मुळाप्रमाणे मांडतो, म्हणून ते एका नोंदीत भेटतात.

पाठवणे तिसऱ्याच घरचा. कोणाला तरी पाठमोरे करून धाडणे, अशी त्याची फोड सुचते आणि पटतेही. पण ती बनावट आहे. मूळ संस्कृत प्रस्थापयति, प्राकृत पट्ठावेइ, हिंदीत पठाना. प्रस्थान ठेवणे यातला प्रस्थान आणि मुलीची पाठवणी हे एकाच मुळाचे. हिंदीत ‘पीठ’ आणि ‘पठाना’ यांचे स्वर वेगळे राहिले म्हणून तिकडे असा गोंधळ होत नाही. मराठीत दोन्हींचे ‘पाठ’ झाले म्हणून होतो. शंका आली की शेजारच्या भाषेतले रूप पाहावे. बहुतेक लोकव्युत्पत्ती तिथेच गळून पडतात.

उरलेल्या तीन कोशांबद्दल थोडक्यात. तुळपुळे-फेल्डहाउस फक्त जुन्या मराठीसाठी: शिलालेख, महानुभाव वाङ्मय, ज्ञानेश्वरी. आजचा अर्थ केव्हापासून चालत आला हे पाहायला तो उत्तम. एखादा शब्द तिथे नसला तर मात्र ‘त्या काळी नव्हताच’ असे म्हणू नये, उरलेल्या ग्रंथांत आला नाही एवढेच म्हणावे. बर्नसन यांचा कोश लहान आहे, पण आजच्या बोलीचा आणि आजच्या लेखनाचा. मराठी शिकणाऱ्या परदेशस्थ मुलांना पहिल्यांदा तोच द्यावा. वझे आता फारसा लागत नाही. मोल्सवर्थ थकवणारा वाटला तर त्याचा आटोपशीर पर्याय, इतकेच.

संकेतस्थळ म्हणून तक्रारी आहेत. सूचना आणि बटणे इंग्रजीत आहेत. प्रत्येक कोशाचे पान वेगळे, त्यामुळे एका शब्दासाठी पाच खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. संक्षेपांची यादी नोंदीशेजारी दिसत नाही; कोशाची प्रस्तावना एकदा शोधून ती यादी स्वतःकडे उतरवून ठेवलेली बरी, नाहीतर ‘-एभा’ आणि ‘(राजा.)’ नुसती नक्षी वाटते. हजारो पानांचा मजकूर नव्याने टंकलेला असल्याने क्वचित एखादे जोडाक्षर चुकलेलेही असते. नोंदीत छापील पानाचा क्रमांक दिलेला असतो. संशय आला तर इंटरनेट आर्काइव्हवरच्या मोल्सवर्थच्या छायाप्रतीत तेच पान उघडून ताडून पाहावे. लेखात कोशाचा हवाला द्यायचा असेल तर हे ताडणे सक्तीचेच समजावे.

आणि एक कोश इथे सापडणार नाही: कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६). तो छापील घ्यावा किंवा ग्रंथालयात बसून पाहावा. टर्नर भारतीय-आर्य शब्दांपुरता आहे; फारसी, अरबी, कानडी, पोर्तुगीज मुळांच्या मराठी शब्दांची मोल्सवर्थच्या आद्याक्षरापलीकडची माहिती हवी असेल तर कुलकर्ण्यांकडे जावे. ‘तपशीलवार’मधला फारसी ‘वार’ आणि ‘सोमवार’मधला संस्कृत ‘वार’ टर्नरमध्ये शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. कुलकर्णी काही ठिकाणी तर्कावर भिस्त ठेवतात, तेव्हा संस्कृत मूळ दिले असेल तिथे टर्नरशी पडताळा घ्यावा. छापील मोल्सवर्थ हवाच असेल तर पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये काढलेले पुनर्मुद्रण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारावे. नऊशेहून अधिक पानांचा जाडजूड ठोकळा आहे. घेण्याआधी शिवण आणि शेवटची पाने शाबूत आहेत का ते उघडून बघा.